साहेबाने पाहिलेला डाव

आमच्या हुबळीच्या घरात फणसाच्या लाकडाचा एक जुना पट आहे. त्यावरील चौसष्ट घरांना काळा-पांढरा रंग नाही. नुसत्या रेघा कोरलेल्या आहेत. आमचे आजोबा डिचोलीहून या गावी आले तेव्हा कपड्यांच्या बोचक्याबरोबर त्यांनी हा पट आणला होता. आषाढातल्या संततधारेच्या दुपारी ते आम्हां नातवंडांना पटाभोवती बसवीत, सोंगट्या मांडून घेत आणि पहिले प्यादे सरकविण्यापूर्वी एक गोष्ट हटकून सांगत.

ती गोष्ट अशी. पेडणे महालातील मांद्रे गावात एक गरीब ब्राह्मण राहत होता. त्याचा मुलगा बुद्धिबळात असा तरबेज की मोठमोठ्या खेळाडूंना हार जावी. एकदा एका इंग्रज साहेबाने त्याचा खेळ पाहिला, स्वतः त्याच्यापुढे बसला आणि ओळीने तीन डाव हरला. तिसऱ्या डावात तर त्या पोराने साहेबावर प्यादेमात केली. साहेब उठला, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि बापाला म्हणाला, "या मुलाला मुंबईस नेऊन इंग्रजी शिकव." बापाने ऐकले आणि तो मुलगा पुढे डॉक्टर भाऊ दाजी झाला. गोष्ट संपली की आजोबा आमच्याकडे रोखून पाहत. "खेळायचे तर असे खेळावे, की पाहणाऱ्याने उठून उभे राहावे!" हे त्यांचे भरतवाक्य.

या गोष्टीला आमच्या घरात एक जोडगोष्ट होती. आजोबांना रेल्वेत कारकुनाची नोकरी मिळाली ती म्हणे एका साहेबाने त्यांचे इंग्रजी अक्षर पाहिले म्हणून. वळणदार अक्षर पाहून साहेबाने दुसरा प्रश्नच विचारला नाही. भाऊ दाजींना एक साहेब भेटला, आजोबांना दुसरा. या दोन साहेबांच्या कृपाछत्राखाली आमचे बालपण गेले म्हणावयास हरकत नाही.

आता आम्हीच आजोबा झालो आहो. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या सुट्टीत त्याच पटावर आमच्या नातीसमोर ती गोष्ट आम्ही सांगितली. नात चौदा वर्षांची. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, मांद्रे तर गोव्यात ना? तिथे तेव्हा पोर्तुगीज होते. मग इंग्रज साहेब तिथे कशाला आला होता?"

साठ वर्षे आम्ही ही गोष्ट ऐकत आणि सांगत आलो. पण हा साधा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. लाज वाटली, आणि उत्तर शोधावे असेही वाटले.

ज्या तरुण वाचकांस भाऊ दाजी हे नाव केवळ एका संग्रहालयाच्या पाटीवरून ठाऊक असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पूर्ण नाव. घरी 'भाऊ', वडिलांना 'दाजी' म्हणत, म्हणून भाऊ दाजी. जन्म मांद्र्याचा. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा ते तेथील पहिल्या विद्यार्थ्यांत होते आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतही होते. त्याआधीच काठेवाड व कच्छ या प्रांतांतील मुलींच्या बालहत्येवर निबंध लिहून त्यांनी सरकारी बक्षीस मिळविले होते. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली. तिचे ते चिटणीस. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख त्यांनी वाचले, कालिदासाच्या काळाविषयी लिहिले, जुनी नाणी व हस्तलिखिते जमविली. १८६२ च्या महाराज लायबल खटल्यात एका धर्मगुरूच्या विरुद्ध त्यांनी डॉक्टर या नात्याने साक्ष दिली. मुंबईच्या शेरीफपदाचा मान त्यांना दोनदा मिळाला, १८६९ मध्ये आणि १८७१ मध्ये. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले, त्यामागे त्यांची खटपट होती. त्यालाच १९७५ पासून त्यांचे नाव आहे. ३१ मे १८७४ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आसपास होते.

"आसपास" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. त्यांचे जन्मवर्ष कोणी १८२२ देतो, कोणी १८२४. रामकृष्ण या नावाऐवजी कोठे रामचंद्र असे छापलेले दिसते. गावाचे नावही इंग्रजी लेखनातून फिरून आले की मांद्र्याचे 'मांजरे' होते. ज्याचे नाव, गाव आणि वर्ष ही तिन्ही स्थिर राहिली नाहीत, त्याच्या लहानपणीच्या बुद्धिबळाची गोष्ट एकाच रूपात राहावी अशी अपेक्षा कशी करावी?

तीही दोन रूपांत आढळते. एका रूपात नाव नसलेला कोणी इंग्रज गृहस्थ मुलाची हुशारी पाहून बापाला सल्ला देतो, आणि त्यानंतर बाप मुलाला घेऊन मुंबईस येतो. दुसऱ्या रूपात तो इंग्रज म्हणजे साक्षात मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर. साहेब तीन डाव हरला ही आमच्या आजोबांची पदरची भर. ती कोठेही सापडली नाही.

पहिल्या रूपात नातीने काढलेली अडचण उभी राहते. पेडणे आणि डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. १७८१ ते १७८८ च्या दरम्यान ते पोर्तुगिजांकडे गेले आणि नव्या काबिजातींत मोडू लागले. भाऊंचा जन्म झाला तेव्हा मांद्र्यावर पोर्तुगीज अंमल बसून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. घरात कोंकणी, पोथीत आणि हिशेबात मराठी, कचेरीत पोर्तुगीज अशी तेथील रीत. इंग्रजी शिकण्याचा सल्ला देणारा इंग्रज तेथे वाट चुकून आला असेल, नाही असे नाही; पण गोष्टीने त्याच्या येण्याचे कारण द्यावयास हवे होते.

दुसऱ्या रूपात हिशेब जमतो. लॉर्ड क्लेअर १८३१ ते १८३५ या काळात गव्हर्नर होता. १८२२ चा जन्म धरला तर भाऊ तेव्हा नऊ ते तेरा वर्षांचे, १८२४ धरला तर सात ते अकरा. पटावर मोठ्यांना चकित करण्यास दोन्ही वये योग्यच. पण हे घडले असेल तर मुंबईत घडले असणार. म्हणजे गव्हर्नरने मुलाला पाहिले त्यापूर्वीच बाप त्याला घेऊन मुंबईस पोचलेला होता! साहेबाच्या सांगण्यावरून गाव सोडले ही गोष्ट मग उरतच नाही. साहेबाचे नाव जितके मोठे, तितके बापाचे पाऊल आधीचे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात आली. तो मुलगा खेळत असेल ते आपल्या जुन्या देशी रीतीने. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते; किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मिळते; शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराचे मोहरे होते. विलायती नियमांवर वाढलेल्या माणसाला हा खेळ नुसता पाहून कितीसा उमगणार? आमच्या आजोबांचाच खेळ पाहून हुबळीच्या क्लबातील मंडळी म्हणत, "रावसाहेब, हे तुमचे उलटेच काही चालले आहे!" साहेबाने पाहिला असेल तो डाव नसेल, डावावर वाकलेला पोर पाहिला असेल.

देशी खेळाडू आणि साहेब यांची भेट मुळीच झाली नाही असे मात्र नव्हे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्याच्या चेस क्लबातील एका सभासदाला बाहेरगावी महेशचंद्र बंद्योपाध्याय नावाचा खेळाडू सापडला. त्याला क्लबात आणले गेले. जॉन कॉक्रेन हा त्या काळचा नामांकित बॅरिस्टर-खेळाडू पुढे बारा वर्षे त्याच्याशी शेकडो डाव खेळला. त्या डावांच्या चाली कॉक्रेनने टिपून ठेवल्या, म्हणून आज जगभर 'इंडियन डिफेन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बचावांचे नाते महेशचंद्रांच्या खेळाशी जोडता येते. त्यांची एक एक चाल शाबूत आहे. आमच्या मांद्र्याच्या मुलाची एकही नाही.

पण चाल शाबूत राहिली म्हणजे लोक तीच आठवतात असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात सेवशंकर 'पापवा' सेवगोलम नावाचा हिंदी वंशाचा गोल्फ-खेळाडू होऊन गेला. तो मूळचा खेळाडूंच्या काठ्या वाहणारा पोर. उजवा असूनही तो काठी धरताना डावा हात उजव्याच्या खाली ठेवी. कोणताही शिक्षक अशी पकड मोडून काढील. त्याच पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. १९६३ साली डर्बनमध्ये नाताळची खुली स्पर्धा जिंकली तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबाच्या इमारतीत प्रवेश नव्हता. बाहेर पावसात त्याला करंडक देण्यात आला. कोणी सांगतो की तो खिडकीतून हाती दिला, कोणी म्हणतो तसे नव्हते. १९६५ साली त्याने याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला हरविले आणि त्यानंतर मोठ्या स्पर्धांची दारेच त्याला बंद झाली. आज त्याचे नाव निघाले की लोक खिडकीचा वाद घालतात. ती उलटी पकड आणि ते फटके मागे राहतात.

दंतकथेचा हा स्वभावच असावा. तिला खेळापेक्षा दाराचे अप्रूप अधिक. दार कोणी उघडले, दार कोणी लावले, एवढेच ती लक्षात ठेवते. पापवाच्या कथेत दार लावणारा साहेब आहे, भाऊ दाजींच्या कथेत दार उघडणारा. दोन्हींत साहेब मध्यभागी आणि खेळणारा कडेला.

भाऊ दाजींनी आयुष्यात खरोखर जो डाव मांडला तो पटावरचा नव्हता, आणि त्याही डावाविषयी वाद झाला. महारोग असाध्य मानला जाई. महारोग्याला घराबाहेर काढणे हाच त्यावरचा प्रचलित उपचार. इंग्रजी वैद्यक शिकलेल्या या डॉक्टराने आपले जुने संस्कृत वैद्यकग्रंथ काढले, वनस्पती पारखल्या आणि एका औषधाने रोग्यांवर उपचार सुरू केले. गुण येतो असे दिसू लागले. पण पुरती खात्री होईपर्यंत औषधाचे नाव सांगावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. व्यवसायबंधूंना हे गैर वाटले. खरा डॉक्टर गुप्त औषध बाळगत नाही, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे चूक होते असे आम्हांस म्हणवत नाही. औषध उघड असते तर इतरांना ते तपासून पाहता आले असते. १८६५ साली शेअरबाजार कोसळला त्यात भाऊंची मिळकत गेली, पुढे अर्धांगवायू झाला, आणि डाव अर्धाच राहिला. ते औषध म्हणजे कडू कवठीच्या बियांचे तेल होते असे त्यांच्या मागे सांगण्यात आले.

कडू कवठीचे झाड आपल्या कोंकण-गोव्याच्या ओढ्याकाठचे. तिचीच बहीण जी चालमोगरा, तिच्या तेलावर पुढे साऱ्या जगात महारोगाचे उपचार झाले. हे तेल पोटात घेतले तर मळमळे आणि टोचले तर गाठ धरी. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांत अ‍ॅलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुणीने ते टोचण्याजोगे करण्याची रीत शोधली. १९१६ साली चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिच्या शोधाचे श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिले. १९४० नंतरच्या दशकांत सल्फोन जातीची औषधे येईपर्यंत हेच तेल रोग्यांचा आधार होते. त्याने रोग समूळ जाई असे नव्हे; पण भाऊ दाजी चाचपडत होते ती दिशा अगदीच वेडी नव्हती, एवढे खास.

हे सारे वाचून झाल्यावर, गेल्या माघात आम्ही नातीला घेऊन गोव्याला गेलो. पेडण्यात मोप्याच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. आम्ही मात्र जुन्या माणसांप्रमाणे रेल्वेने घाट उतरून गेलो. मांद्र्याचा किनारा आता परदेशी पाहुण्यांनी गजबजलेला असतो. माडांच्या सावलीत खुर्च्या मांडून लोक पहुडले होते. नात वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, "आता कोणी पोर इथे बुद्धिबळ खेळत बसले तर पाहायला साहेब पुष्कळ आहेत." आम्ही हसलो.

तेथून डिचोलीस गेलो. आमच्या वडिलांची चुलत बहीण तेथे असते. नव्वदी ओलांडलेली, कान थोडे मंद, बाकी खणखणीत. जेवणे झाल्यावर ओटीवर बसून आम्ही तिला आजोबांची अक्षराची गोष्ट सांगू लागलो. तिने हात हलवून आम्हांस थांबविले.

"अरे, साहेब कसला नि अक्षर कसले! अक्षर काय आईच्या पोटातून घेऊन आला होता तो? इंग्रजी शिकायला बेळगावला कोणी धाडला? दोन वर्षांची खाणावळ, फी, कोणी भरली? आजीच्या पाटल्या गेल्या हो सोन्याच्या, दोन्ही!"

मग तिने सावकाश सारे सांगितले. तिची आई सून म्हणून घरात आली तेव्हा आमच्या पणजीच्या हातांत पितळेच्या पाटल्या होत्या. घामाने त्या कळकत आणि मनगटावर हिरवट वळे उमटे. नव्या सुनेने चिंच लावून त्या घासू का विचारले, तेव्हा पणजी म्हणाली होती, "राहू दे. माझा मुलगा शिकला त्याची ती खूण." आजोबांनी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पैसे साठवून सोन्याच्या नव्या पाटल्या घडविल्या आणि आईला आणून दिल्या. तिने त्या कपाळाला लावल्या आणि धाकट्या मुलासाठी सून येईल तिच्या नावाने पेटीत ठेवल्या. स्वतः घातल्या नाहीत.

"ह्याच त्या," आत्या म्हणाली आणि पदराखालचा हात पुढे केला.

आम्ही काही बोललो नाही. नातीने तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ पाटली फिरवून पाहत राहिली.

म्हणजे आजोबांना सारे ठाऊक होते. तरी त्यांनी जन्मभर साहेबाची गोष्ट सांगितली. हे असत्य म्हणावे का? परतीच्या वाटेवर गाडी घाट चढत असताना आम्ही याचाच विचार करीत होतो. साहेबाने अक्षर पाहिले हेही खरेच असेल. कोणी तरी पाहिल्याशिवाय नोकरी मिळत नाही. पण साहेबाचे उपकार हसत सांगता येतात. ते एकदा सांगितले की फिटले. आईच्या उघड्या मनगटाची गोष्ट नातवंडांच्या घोळक्यात, सोंगट्या मांडता मांडता सांगता येत नाही. आजोबांनी ती गोष्ट लपविली नसेल; त्यांच्याने ती बोलवली नसेल.

आणि मग मांद्र्याच्या त्या विठ्ठल लाडांची आठवण झाली. ते मातीच्या मूर्ती करून विकीत असे चरित्रकार सांगतात. असा माणूस मुलाला घेऊन परमुलखात, परभाषेच्या शहरात येतो. तेथे काय विकले, काय गहाण टाकले, मुलाच्या आईने काय सोडले, याची कोणी नोंद ठेवलेली नाही. नोंद राहिली ती साहेबाच्या एका दृष्टिक्षेपाची. साहेबाने तो डाव पाहिला की नाही हा वाद विद्वानांनी हवा तर आणखी शंभर वर्षे घालावा. साहेबाच्या आधी बापाने मुलाला पाहिले होते, याविषयी आमच्या मनात आता संशय उरला नाही.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मंडळी. कोणी बडोद्याला, कोणी इंदुरास, कोणी तंजावरास, कोणी आमच्यासारखे हुबळी-धारवाडास. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी गोष्ट असते की अमुक महाराजांनी बोलाविले, अमुक दिवाणाने हेरले, अमुक साहेबाने हात दिला, म्हणून आपण येथे आलो. या गोष्टी टाकून द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांत गोडी आहे, मुलांना त्या आवडतात, आणि काही खऱ्याही असतील. पण घरात कोणी नव्वदीची आत्या, मावशी, काकू असेल तर तिच्यापाशी एक दुपार बसावे आणि विचारावे की गाडीभाडे कोणी दिले होते.

यंदाच्या पावसाळ्यात पट पुन्हा निघाला. धाकटा नातू आता सोंगट्या ओळखू लागला आहे. गोष्ट सांगण्याचा मान या खेपेस नातीने घेतला. तिने मांद्रे सांगितले, मुलगा सांगितला, लॉर्ड क्लेअरही सांगितला. "पण साहेब यायच्या आधी," ती म्हणाली, "त्याचे बाबा त्याला घेऊन मुंबईला आले होते. ते मातीच्या मूर्ती विकायचे." नातवाने विचारले, "आणि बुद्धिबळ त्याला कोणी शिकवले?"

हेही आम्ही कधी विचारले नव्हते. नातीने आमच्याकडे पाहिले. आम्ही राजापुढचे प्यादे उचलले आणि एक घर पुढे ठेवले.